बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून घासून घेतला, त्यानंतरचे आठ महिने

माझी स्कोडा ऑक्टाविया आरएस 2005 सालची आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला जुळणी झालेली, 1.8 लिटर आणि वीस व्हॉल्व्हच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची. मूळ ताकद 150 अश्वशक्ती आणि टॉर्क 210 न्यूटन-मीटर. आठ महिन्यांपूर्वी टर्बो, म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा भाग, दुरुस्तीसाठी उतरवावाच लागला, तेव्हा सिलिंडरांतला धूर गोळा करून टर्बोपर्यंत नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्डही काढून आतून घासून घेतला, बाहेरून त्याला सिरॅमिकचा लेप दिला आणि तो पुन्हा बसवला. त्यानंतर गाडी सुमारे 7,400 किलोमीटर चालली असून त्यात पुण्यातली रोजची गर्दी, एक पूर्ण पावसाळा आणि वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला केलेल्या अनेक फेऱ्या आल्या.

या इंजिनाचा मूळ मॅनिफोल्ड बिडाचा, ओतीव आणि अतिशय आखूड आहे. चारही सिलिंडरांचा धूर एकाच अरुंद नळीत येतो आणि तिथून टर्बोच्या तोंडाशी जातो. इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 असल्यामुळे तिसऱ्यानंतर लगेच शेजारचा चौथा आणि दुसऱ्यानंतर लगेच शेजारचा पहिला सिलिंडर धूर सोडतो. एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधीच शेजाऱ्याचा जोरदार दाब त्याच नळीत येऊन आदळतो. त्यातच ओतकामाच्या खडबडीत कडा आणि गॅस्केटच्या (जोडातून गळती होऊ न देणाऱ्या पातळ थराच्या) भोकांशी न जुळणारी मॅनिफोल्डची तोंडे यांमुळे वाट आणखी अडते. ही अडचण कमी करणे, एवढाच या कामाचा हेतू होता.

स्टेनलेस स्टीलच्या लांब नळ्यांचा तयार मॅनिफोल्ड घ्यावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मी विचारपूर्वक नाकारला. तापल्यावर 304 जातीचे स्टेनलेस बिडाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावते, टर्बोचे सगळे वजन त्याच नळ्यांवर लोंबत असते, आणि जोड पातळ असेल तर वेल्डिंगच्या कडेने तडा जातो. शिवाय माझ्या गाडीतला केओ-3 जातीचा टर्बो मुळातच लहान आहे. वरच्या आरपीएमला खरी कोंडी त्याच्या टर्बाइनच्या (धुराने फिरणाऱ्या चाकाच्या) घरात होते, त्यामुळे तिच्या आधीच्या नळ्या कितीही प्रशस्त केल्या तरी फायदा मर्यादितच राहणार होता.

काम भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये झाले. कारागिराने प्रथम नवे गॅस्केट ठेवून तोंडांची रेघ आखली, मग डाय ग्राइंडरला कार्बाइडचे बर (कठीण धातूची कातणारी टोके) लावून कडा उतरवल्या आणि चार वाटा जिथे एकत्र येतात तिथला उंचवटा सावकाश कमी केला. भिंत किती पातळ होते आहे हे तो सारखे बोटाने आणि कॅलिपरने तपासत होता, ही सावधगिरी मला फार मोलाची वाटली. आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करण्याची गरज नव्हती, आणि त्याने तसे केलेही नाही. शेवटी मॅनिफोल्ड धुऊन हवेच्या झोताने दोन-तीनदा साफ केला, कारण बिडाचा एखादा कण जरी आत राहिला तरी तो थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो.

चूक झाली ती बसवताना, दुसऱ्या एका गॅरेजमध्ये. फ्लँजची, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या मॅनिफोल्डच्या सपाट कडेची, सपाटी पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून तपासलीच नव्हती आणि नट अंदाजाने आवळले होते. तिसऱ्या आठवड्यात सकाळी थंड इंजिन सुरू केले की टिक-टिक आवाज येऊ लागला आणि इंजिन तापले की तो थांबे. चौथ्या सिलिंडरपाशी गळती होती. अशी गळती केवळ आवाजापुरती राहत नाही. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे भासते आणि इंजिनाचा संगणक विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो. त्या काळात माझे शहरातले मायलेज स्पष्टपणे घसरले होते. मॅनिफोल्ड पुन्हा उतरवून फ्लँज ग्राइंडिंग मशीनवर सपाट करून घेतला, आठ मिलिमीटरचे नवे स्टड आणि धातूच्या थरांचे नवे गॅस्केट टाकले, मधून कडेकडे जात नट 25 न्यूटन-मीटरला आवळले आणि पाचशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर ते पुन्हा तपासले. त्यानंतर आजतागायत आवाज नाही.

मोजमाप मी इंजिनाच्या संगणकातल्या नोंदी वाचणारी निदान-केबल लावून आधी आणि नंतर त्याच रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून केले. संगणकाने मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, पूर्वी साधारण 2,350 आरपीएमला मिळत असे, आता तो 2,200 च्या आसपास मिळतो. आकडा लहान वाटेल. पण घाटातल्या वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना, किंवा सिग्नलवरून निघताना, गाडी आधीसारखी क्षणभर अडखळत नाही. वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हला तोच बूस्ट राखण्यासाठी आता कमी काम करावे लागते, हेही नोंदींत दिसते. म्हणजे टर्बोकडे जास्त ऊर्जा पोहोचते आहे.

वरच्या टोकाला मात्र फरक जवळजवळ जाणवत नाही. त्याचे एक कारण टर्बोचा आकार आणि दुसरे संगणक. या गाडीतली बॉशची मोट्रॉनिक प्रणाली टॉर्कचे ठरलेले लक्ष्य राखते. वाट मोकळी झाली म्हणून ती आपणहून बूस्ट वाढवत नाही. त्यामुळे केवळ मॅनिफोल्ड घासून वीस-तीस अश्वशक्ती वाढेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. त्यासाठी रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये बदल, लागतो, आणि तो मी अजून केलेला नाही. गळती बंद झाल्यावर मायलेज पूर्वीइतकेच झाले, वाढले नाही.

सिरॅमिकच्या लेपाबद्दल मी समाधानी आहे. बॉनेट उघडल्यावर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीकडून येणारी धग कमी झाली आहे आणि पावसाळ्यात पाणी उडूनही लेप सुटलेला नाही, फक्त टर्बोच्या गळ्याशी त्याचा रंग फिका पडला आहे. मॅनिफोल्डला कापडी पट्टी गुंडाळायची नाही असे मी आधीच ठरवले होते, कारण तिच्याखाली ओल राहते आणि बिडाला गेलेला तडा दिसतही नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर मूळचेच ठेवले आहेत. मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 मूळ रचनेतील बदलांबाबत कडक आहे, आणि कोणाचे कान किंवा फुप्फुसे त्रासतील असे काही करण्याची मला इच्छाही नव्हती. पीयूसी चाचणी गाडी अडचणीविना उत्तीर्ण झाली. मागच्या आठवड्यात सगळे नट पुन्हा तपासले तेव्हा चौथ्या सिलिंडरचा खालचा एक नट किंचित ढिला निघाला. तो आवळला आहे आणि दहा हजार किलोमीटरला तोच आधी पाहणार आहे.