गणपतीपुळ्याच्या खोल्या आणि ३३,६०० रुपये : कोकणात निघण्याआधी वाचा

आकडा आधीच सांगते. ३३,६०० रुपये. नाताळच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला दोन खोल्या, तीन रात्री, आणि आम्ही सहा माणसं : आम्ही दोघं, मुलगी, सासू-सासरे आणि नणंद. खोल्या मिळाल्या नाहीत, पैसे परत आले नाहीत, आणि ज्याने ते घेतले तो माणूस आजही त्याच नंबरावर फोन उचलतो. हे लिहावं की नाही यावरून घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, चारचौघांत शोभा कशाला. माझं म्हणणं, लाजेने गप्प बसणाऱ्यांच्या जिवावरच या लोकांचा धंदा चालतो.

बेत साधा होता. पुण्याहून ताम्हिणी उतरून दिवेआगर, दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, मग केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळहून धोपाव्याला गाडी उतरवायची, गुहागर, हेदवी, तवसाळहून जयगड आणि पुढे गणपतीपुळे. समुद्र उजव्या हाताला ठेवून जायचं आणि जिथे वाळू चांगली दिसेल तिथे उतरून चालायचं. सगळ्यात मोठं आकर्षण होतं रत्नागिरीचा थिबा राजवाडा. सासरे इतिहासाचे शिक्षक होते. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा १८८५ साली राज्य गमावतो, १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत राहतो, १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी वाडा बांधून होतो आणि १९१६ मध्ये तो इथेच मरतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं. वाडा मात्र कधी पाहिला नव्हता.

लॉज मी नकाशावर शोधला. तो खरा आहे, हे ठळक लक्षात घ्या. जागा खरी, फोटो खरे, लोकांनी लिहिलेले अभिप्राय खरे. फक्त नंबर कुणीतरी बदललेला. त्या नकाशावर कुणीही 'दुरुस्ती सुचवा' म्हणून वेगळा फोन नंबर सुचवू शकतो, तो कधीकधी मान्यही होतो आणि खऱ्या मालकाला पत्ता लागत नाही. मी एका कंपनीत हिशेब बघते, अनोळखी लिंकवर बोट ठेवत नाही, ओटीपी कुणाला देत नाही. एवढं करूनही मी सापडले. "एवढी शिकलेली बाई कशी फसली?" हे ज्यांनी मला तोंडावर विचारलं, त्यांनी हे जरा वाचावं.

फोनवरचा माणूस गोड बोलणारा, मराठीच बोलत होता. भाडं रात्रीला खोलीमागे ३,२०० रुपये, म्हणजे एकूण १९,२००. निम्मे आगाऊ, ९,६००. सुट्टीच्या दिवसांत पुळ्यातले हेच दर असतात, फार स्वस्त सांगितलं असतं तर मीच सावध झाले असते. पैसे पाठवताना समोर लॉजचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, मालकांच्या सुनेचं खातं आहे. आता मला सांगा, कोकणात घरगुती राहण्याची सोय घेताना तुम्ही कधी फर्मच्या नावावर पैसे भरलेत? दिवेआगरच्या काकूंनी आमचे पैसे त्यांच्या मुलाच्या नंबरवर घेतले, आणि त्या अगदी सचोटीच्या आहेत. तरीही आता सांगते : नाव वेगळं दिसलं की थांबा.

मग त्याने तीन दिवसांचं वेळापत्रक पाठवलं. संध्याकाळी मालगुंडच्या किनाऱ्यावर फेरफटका, रविवारी आरे-वारे, कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना दाखवणार, आणि सोमवारी दुपारी ३ वाजता गाइडसह थिबा राजवाडा. माणशी ४०० रुपये, सहा जणांचे २,४००, आगाऊ. डिसेंबरात कसली पिल्लं? अंडी तेव्हा कुठे घालायला लागलेली असतात, पिल्लं बाहेर येतात ती साधारण फेब्रुवारीपासून पुढे. पण हे मला नंतर कळलं, त्याचं मला एवढं वाटत नाही.

वाटतं ते सोमवारचं. सासरे वेळापत्रक वाचून म्हणाले, "अगं, सोमवारी ते संग्रहालय बंद असतं ना?" बरोबर बोलत होते. राजवाडा सरकारी आहे, आत संग्रहालय आहे, आणि सोमवारी त्याची सुट्टी असते. मी लगेच फोन लावला. तो क्षणभरही अडखळला नाही. "मॅडम, पब्लिकसाठी बंद असतं. आपल्या गेस्टसाठी स्पेशल परवानगी आहे. गर्दी नसते, बाबांना वरचा मजला निवांत दाखवतो." बाबांना! सासऱ्यांच्याचसाठी चाललोय, हे मीच बोलण्याच्या ओघात त्याला सांगितलं होतं, आणि त्याने तेच वापरलं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूचं दार सुट्टीच्या दिवशी कुठलाही लॉजवाला उघडत नाही. हे कळायला शिक्षण लागत नाही, दोन मिनिटं शांत बसावं लागतं. ती दोन मिनिटं मला मिळाली नाहीत, कारण बाबा शेजारी उभे होते आणि निवांत दाखवणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की पुढचा प्रश्न माझ्या तोंडून निघालाच नाही. 'निवांत दाखवतो' हे त्याचं वाक्य अजून रात्री कानात वाजतं. २,४०० रुपये मी त्याच मिनिटाला पाठवले.

३३,६०० पैकी उरलेली रक्कम त्याने प्रवासात काढली, आणि वेळ बरोबर साधली. शनिवारी दाभोळच्या जेटीवर गाड्यांची रांग होती, नेटवर्क येत-जात होतं, सासूबाईंना गाडी लागली होती. फोन आला : ऑनलाइन चेक-इन आत्ताच करावं लागेल, नाहीतर सिस्टिम खोल्या सोडून देईल, ७,२०० अनामत भरा, लगेच परत येतील. शनिवार, नाताळ, पुळ्यात एक खोली रिकामी नाही, सोबत म्हातारी माणसं. भरले. मग "परतावा अडकलाय, १४,४०० ची पडताळणीची एंट्री करावी लागते, दोन्ही मिळून २१,६०० एकदम येतील" म्हणून क्यूआर पाठवला. फेरीबोट लागली होती, मागचे हॉर्न वाजवत होते. स्कॅन केलं, पिन टाकला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कधीच नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. हे मला माहीत होतं, आणि फोनवर कुणी घाई करत असताना माहीत असलेलं कामाला येत नाही, म्हणून सांगते : समोरचा घाई करायला लागला की फोन ठेवा. खरा मालक पाच मिनिटं थांबतो.

पुळ्यात पोचलो तेव्हा अंधार झाला होता. लॉजच्या मालकांनी वही उघडून दाखवली, आमचं नाव नाही. "ताई, तुम्ही पहिल्या नाहीत हो. या सुट्टीत तुमच्यासारखी बरीच माणसं माझ्या दारात येऊन भांडून गेली." त्या माणसाची काही चूक नसताना लोक त्याला शिव्या देऊन जातात. त्यांनी चहा दिला, चार ठिकाणी फोन केले आणि मालगुंडला एक खोली मिळवून दिली, ४,५०० रुपये, सहा जणांत एक.

त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. बराच वेळ लागेना. लागला तेव्हा तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. पण जेटीवरून निघून कित्येक तास झाले होते आणि एवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जातात. शंका आली त्या मिनिटाला १९३० लावा, खात्री व्हायची वाट बघू नका. फोन लागत नसेल तर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर भरा, आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक हाताशी ठेवा.

आता पोलीस. तिथल्या ठाण्यात सांगितलं, तुमचं खातं पुण्याचं, तक्रार पुण्यात करा. पुण्यात सांगितलं, पैसे प्रवासात गेले, लॉज रत्नागिरी जिल्ह्यातला, तिकडे करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घ्यावी लागते असं स्पष्ट आहे. ते म्हटल्यावर हवालदार म्हणाले, "मॅडम, इथे चाळीस-चाळीस लाख गेलेली माणसं बसलीत, तुमचे तेहतीस हजार." मग काय आम्ही आणखी घालवून यायचं होतं? मग कळलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचाच अधिकारी करू शकतो, आणि साहेब बंदोबस्तात. मी जाईन तेव्हा साहेब बंदोबस्तातच. शेवटी अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर नाही. तुम्ही गेलात तर लेखी अर्जाच्या दोन प्रती न्या आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

बँक तर त्याहून निबर. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. ग्राहकाच्या संमतीशिवाय, त्याची काही चूक नसताना झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं त्यात म्हटलं होतं. काउंटरवरच्या मुलीने कागद न वाचता परत सरकवला : पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे संमती आहे. फसवून घेतलेली संमती ही संमती असते का? ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाच्या कागदपत्रांवर उघडलं, एका सुनेच्या नावावर एवढ्या घरांचे पैसे जमा होताना त्या बँकेला काहीच दिसलं नाही का, याचं उत्तर द्यायला कुणी नाही. लेखी तक्रार दिली. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथेही गेले आहे. मधे एक संदेश आला, एका खात्यात ३,१५० रुपये गोठवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तेव्हा सांगितलं. ३,१५० साठी वकील.

राजवाडा आम्ही मंगळवारी परतताना पाहिला. तिकीट नाममात्र, खिडकीवर मिळतं, कुणाच्या 'परवानगी'ची गरज नाही. बाबा जांभ्या दगडाच्या भिंतींवरून हात फिरवत सगळीकडे हिंडले, पण माझ्याशी धड बोलले नाहीत, कारण त्यांना वाटतंय की हे त्यांच्या हट्टापायी झालं. त्या चोराला मी पैशांपेक्षा याबद्दल जास्त शाप देते.

लॉजचा नंबर एका ठिकाणाहून घेऊ नका. गावात कुणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा, नाहीतर व्हिडिओ कॉल करून खोली आणि दारावरची पाटी दाखवायला सांगा. खरा मालक दाखवतो, खोटा चिडतो. राजवाडा, किल्ला, संग्रहालय अशा सरकारी ठिकाणांचे पैसे लॉजवाल्याला आगाऊ देऊ नका. संशयाचा फोन आला आणि पैसे गेले नसले, तरी दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवण्याच्या 'चक्षू' सोयीवर तो नंबर कळवा.

नकाशावरचा तो नंबर मालकांनी कळवला, मी कळवला, 'आभारी आहोत' असं यंत्राचं उत्तर आलं आणि नंबर तसाच आहे. गणपतीपुळ्याचं बुकिंग कुणी नुकतंच केलं असेल आणि पैसे एखाद्या सुनेच्या खात्यावर गेले असतील, तर उद्यावर न ढकलता आत्ता १९३० लावा.