बिटवॉर्डन: दुकानासाठी घेतलेलं पासवर्डचं ॲप

सोलापुरात आमचं टॉवेल-चादरीचं होलसेल आहे. आमच्या लाईनीत पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढं १२३, आणि तो सीएच्या ऑफिसातल्या पोरालापण पाठ असतो. जीएसटी, ई-वे बिल, इन्कमटॅक्स, नेटबँकिंग, सगळीकडं तोच. एक साईट फुटली की चोर तोच पासवर्ड बाकी सगळीकडं लावून बघतो, म्हणून प्रत्येक साईटचा वेगळा पासवर्ड सांभाळून ठेवणारं हे बिटवॉर्डन ॲप टाकलं.

फुकटचंच व्हर्जन वापरतोय. पासवर्ड कितीही ठेवा, मोबाईल-कॉम्प्युटर कितीही जोडा, पैसे मागत नाही. कोड ओपन सोर्स आहे, म्हणजे जाणकार माणूस उघडून तपासू शकतो. लांबलचक पासवर्ड तेच बनवतं, आपल्याला पाठ करायची गरजच नाही.

पण खरी कमाल ती नाही. "केवायसी अपडेट करा नाहीतर खातं बंद" असले मेसेज येतात बघा, त्यातली लिंक उघडली की पान हुबेहूब बँकेचंच दिसतं, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडं असतं ते आपल्या डोळ्याला कळत नाही, ॲपला कळतं कारण ते पानाचं रूप बघतच नाही, पत्ता जुळवतं, आणि जुळला नाही की पासवर्ड पुढंच करत नाही. ॲप गप्प बसलं की आपणपण थांबायचं. आता यातच एक गोची आहे, रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन पत्त्यावर जायला सांगितलं होतं, त्यामुळं पत्ता बदलला की खऱ्या साईटवरपण ॲप गप्प. तिथं घाईत कॉपी-पेस्ट करू नका, पत्ता शेवटपर्यंत वाचा, खात्री झाली की त्याच नोंदीत नवा पत्ता टाका.

अण्णांचं म्हणणं, "सगळ्या किल्ल्या एकाच डब्यात ठेवतोस होय रे?" शंका रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास नावाच्या असल्याच दुसऱ्या ॲपवाल्यांकडून गिऱ्हाईकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या कॉप्याच चोरीला गेल्या होत्या, आतले पासवर्ड कुलूपबंद होते पण ज्यांचा मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडायचा पासवर्ड, कच्चा त्यांना धोका. म्हणून तो एकच पासवर्ड दणकट पाहिजे. बिटवॉर्डनमध्ये त्याला कमीत कमी १२ अक्षरं लागतात, मी म्हणतो चार-पाच शब्द घ्या ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, चादर-बिबट्या-पावती-कडकभाकर असले काहीतरी (हेच वापरू नका बे, इथं लिहून टाकलंय). विसरलात तर कंपनीपण उघडून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेवा. शिवाय दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, तेपण फुकट आहे. यूपीआयचा पिन मात्र मी यात ठेवत नाही, तो डोक्यातच बरा.

वैताग आणणाऱ्या गोष्टीपण आहेत. मोबाईलवर काही ॲपमध्ये पासवर्ड भरायचा पर्याय वर येतच नाही, शोधून कॉपी करावा लागतो. काही साईट पेस्टच करू देत नाहीत, तिथं वीस अक्षरं हातानं मारताना जीव जातो, पण तो दोष ॲपचा नाही.

सगळं काम एकाच अँड्रॉइड फोनवर आणि क्रोममध्ये असेल तर गुगलचं फुकटचं पासवर्ड मॅनेजर पुरतं, हे घ्यायची गरज नाही. दुकानात दोघं बसत असाल तर हे घ्या, लाईटबिल-जीएसटीचे पासवर्ड भावासोबत वाटून ठेवता येतात, फुकटात दोघांपुरतंच. तिसऱ्याला जोडायचं झालं की मग पैसे.