भूकंपाच्या तारखा जुळवायच्या की भूकंप मोजायचे?
किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांचा. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट आम्हा लातूरकरांच्या मनातून जात नाही. म्हणून आकड्यांत खूण शोधणाऱ्यांची तळमळ मला कळते.

एक वाट तारखा जुळवण्याची. भूज 26 जानेवारी 2001, सुमात्रा 26 डिसेंबर 2004, म्हणून 26 तारीख घातक! मग किल्लारीची 30 आणि कोयनेची 11 कुठे गेली? न जुळणारं यादीतून गळतं. जगात 7 किंवा अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी पंधराच्या आसपास होतात. शोधली तर कुठलीही तारीख सापडते.

दुसरी वाट लहानमोठे सगळे धक्के मोजण्याची. गुटेनबर्ग-रिश्टर नियम सांगतो, तीव्रता 1 ने कमी झाली की भूकंपांची संख्या साधारण 10 पट होते. यातून दिवस कळत नाही, धोक्याचा अंदाज कळतो. तोही चुकतो: किल्लारी तेव्हा देशाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होती, 2002 मध्ये तो भाग मध्यम धोक्याच्या तिसऱ्या झोनमध्ये गेला. तरी मी हीच वाट धरेन, कारण चूक दिसली तेव्हा नकाशा बदलला. त्या नकाशावरून घर कसं बांधायचं ते ठरतं, आणि आमची माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखालीच गेली.