बागेला सांडपाण्याचं शुद्ध केलेलं पाणी: एका मोसमाचा अनुभव

निकाल आधीच सांगते. पाणी चांगलं आहे, बाग तजेलदार आहे आणि पावसाळा संपला की आम्ही पुन्हा हेच पाणी घेणार आहोत. तरीही एवढं लांबलचक लिहायला बसले, कारण अडचणी आल्या त्या पाण्यामुळे फारशा आल्या नाहीत. प्रकल्पाचं फाटक ते आमची टाकी या मधल्या रस्त्यावर पाणी नेमकं कोणाचं असतं, या प्रश्नामुळे आल्या. असा करार करायला निघालेल्या गोव्यातल्या इतर वसाहतींना हे आधी कळलं तर बरं.

आमच्याकडची व्यवस्था अशी: सांडपाणी प्रकल्प चालवणारी सरकारी यंत्रणा शुद्ध केलेलं पाणी देते, स्थानिक संस्था ते ठेकेदाराच्या टँकरनं पोचवते, आणि आमची गृहनिर्माण संस्था वेगळी टाकी, वेगळी पाइपलाइन आणि वाहतुकीचा खर्च सांभाळते. नावं घेत नाही. माणसं सगळी मदतीला तयार होती, कमी पडला तो कागद.

गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, मग बागेला हे पाणी कशाला, असं आमच्या सभेतही विचारलं गेलं. पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो, आणि आपली जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत हिरवळ जगवायची तर पाणी वरूनच द्यावं लागतं. उन्हाळ्यात हिरवळीतून दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी उडतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे 1,000 चौरस मीटरच्या हिरवळीला रोज 5,000 लिटर लागतात, तेही माड आणि फुलझाडं सोडून. हे पाणी आम्ही इतकी वर्षं नळाचं वापरत होतो. ओपाच्या पाणीपुरवठा प्रकल्पात खांडेपार नदीतून उचलायचं, गाळायचं, क्लोरीन घालायचं, पंपानं इतक्या लांब आणायचं आणि गवतावर ओतायचं. एप्रिलमध्ये शेजारच्या वाड्यावर घागरी रांगेत लागलेल्या असताना आमच्या फाटकाशी कारंजी उडायची, ते बघवत नव्हतं.

दुसरीकडचा हिशोब असा. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी रोज 135 लिटर, आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं असं धरतात. 500 माणसांच्या वसाहतीतून दिवसाला 54,000 लिटर होतात. ते शुद्ध होऊन खाडीत जाण्याआधी त्यातला थोडा भाग बागेकडे वळवायचा, एवढीच कल्पना. आपल्याकडे त्याची सोयही आहे. पणजीत टोंकला 12.5 एमएलडीचा, म्हणजे दिवसाला सव्वा कोटी लिटरचा प्रकल्प एसबीआर पद्धतीनं उभा राहिला त्याला आता बरीच वर्षं झाली. या पद्धतीत एकाच टाकीत पाळीपाळीनं पाणी भरतात, हवा सोडतात, गाळ खाली बसू देतात आणि वरचं निवळ पाणी काढून घेतात. शेवटी जंतू मारायला क्लोरीन.

पहिला टँकर आला तो व्हडल्या दिवाळीच्या, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, त्यामुळे पहिला वाद तुळशीवरून झाला. हे पाणी तुळशीला चालणार नाही असं वयस्कर मंडळींनी ठामपणे सांगितलं, आणि मला ते मान्य आहे. श्रद्धेचा प्रश्न तर आहेच, शिवाय तुळशीचं पान तोंडात जातं. म्हणून तुळशी वृंदावन, कढीलिंब, अळू आणि मुलांनी लावलेल्या मिरच्या यांना आजही नळाचंच पाणी मिळतं. कच्चं खाल्लं जाणारं काहीही या पाण्यावर नको, हा नियम सगळ्यांनी पाळला आणि वाद तिथेच मिटला.

आता पाण्याबद्दल. काचेच्या बाटलीत भरून उजेडात धरलं तर किंचित पिवळसर दिसतं, पहिल्या पावसानंतरच्या विहिरीच्या पाण्यासारखं. वास क्लोरीनचा, आणि तो गेला की ओल्या मातीचा हलका वास. घाणीचा वास येत नाही. आमचे माळीमामा सुरुवातीला हातमोजे घालूनही पाइप धरायला तयार नव्हते. जानेवारीत त्यांनीच मला जास्वंदीकडे नेलं. म्हणाले, “बाई, यंदा खत अर्धंच घातलंय, तरी पान बघा.” पान खरोखरच गडद होतं, तळहाताएवढं. कारण साधं आहे, या पाण्यात नायट्रोजन आणि स्फुरद विरघळलेले असतात. लिटरला 10 मिलिग्रॅम नायट्रोजन धरलं तर 10,000 लिटरच्या टँकरमधून 100 ग्रॅम येतं, म्हणजे जवळपास 217 ग्रॅम युरियाएवढं. आठवड्याला असे काही टँकर रिकामे करत असाल तर खताचं वेळापत्रक बदलायलाच हवं, नाहीतर नुसती पानं वाढतात आणि फूल रुसतं. आमच्या पिटकोळीचं (इक्झोराचं) फेब्रुवारीत तेच झालं. युरिया पूर्ण बंद केल्यावर झुबके पुन्हा आले.

सगळ्या झाडांना मात्र हे मानवत नाही. माड, बोगनवेल, चाफा, जास्वंद यांना कसलीच तक्रार नाही. मोगऱ्याच्या आणि नेच्यांच्या पानांची टोकं करपली. त्याची दोन कारणं सापडली. एक म्हणजे उरलेलं क्लोरीन. टँकर आला की थेट पाइप जोडण्याऐवजी पाणी रात्रभर उघड्या टाकीत ठेवलं की ते बरंचसं उडून जातं. उघडी म्हणजे वर बारीक जाळी लावलेली, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतात. दुसरं कारण मीठ. किनारपट्टीला गटाराच्या वाहिन्या खाऱ्या भूजलाच्या पातळीखाली असतील तर सांध्यांतून खारं पाणी आत झिरपतं, आणि क्षार एसबीआरमध्ये निघत नाहीत. आम्ही खिशात मावेल असं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र घेतलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत आकडा चढलेला दिसतो. त्या दिवसांत मोगऱ्याला आणि कुंड्यांना नळाचं पाणी देतो, हिरवळीला आणि माडांना टँकरचं. महिन्यातून एकदा सगळ्या कुंड्यांमधून साधं पाणी भरपूर वाहू देतो, म्हणजे साठलेलं मीठ खाली निघून जातं. जांभ्याची सच्छिद्र जमीन इथे आपल्या बाजूनं आहे. चिकणमातीत हेच मीठ फार लवकर त्रास देतं.

पुढचा भाग सगळ्यांनी वाचावा असं मला वाटतं. फेब्रुवारीच्या अखेरीस आलेल्या एका टँकरचं पाणी गढूळ होतं आणि त्याला कुजका वास येत होता. माळीमामांनी व्हॉल्व्ह बंद करून टँकर अडवला. चालक म्हणाला, प्रकल्पातूनच भरलंय. प्रकल्पातून उत्तर आलं, त्या दिवसाचा नमुना ठीक आहे, फाटकाबाहेर काय झालं ते आम्ही सांगू शकत नाही. स्थानिक संस्थेनं ठेकेदाराकडे बोट दाखवलं. ठेकेदार म्हणाला, टँकर धुतलेला होता. आदल्या दिवशी त्या टँकरनं काय वाहून नेलं होतं, याची नोंद एकाही कागदावर नव्हती. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असेलही, पण ते पाणी आमच्या मुलांच्या खेळण्याच्या जागेवर पडणार होतं. तेव्हा मला खरंच भीती वाटली.

आमच्या कागदावर “प्रक्रिया केलेलं पाणी पुरवणे” असे चारच शब्द होते. ते कितपत शुद्ध असावं याबद्दल काही नव्हतं. खरं तर आकडे उपलब्ध आहेत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2017 च्या अधिसूचनेत विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंची मर्यादा 100 मिलिलिटरला 1,000 आहे. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये ती 230 वर आणली आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 10 मिलिग्रॅमपर्यंत ठेवायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर 1989 मध्येच, माणसांचा थेट स्पर्श होतो अशा सार्वजनिक हिरवळींसाठी 200 ची मर्यादा सुचवली होती. आपली मुलं ज्या गवतावर लोळतात त्याला यातला कडक आकडा लागू करा असं म्हणणं मला अजिबात जास्तीचं वाटत नाही.

आम्ही तिन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवलं. त्यासाठी बरेच फोन करावे लागले, पण आले सगळे, आणि बैठक चांगली झाली. आता एक टँकर फक्त याच पाण्यासाठी राखून ठेवलाय, सेप्टिक टँक उपसायच्या कामाला तो जात नाही. प्रत्येक खेपेच्या चलनावर भरल्याची वेळ, मीटरचा आकडा आणि भरतानाचं क्लोरीन लिहिलेलं असतं, खाली प्रकल्पातल्या माणसाची सही. आमच्या फाटकाशी माळीमामा बाटलीत नमुना घेतात, वास बघतात, पोहण्याच्या तलावासाठी मिळतात ते ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही तर टँकर परत, आणि त्या खेपेचे पैसे आम्ही देत नाही. महिन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल सूचनाफलकावर लागतो. तेव्हापासून तक्रारीची वेळ आलेली नाही. मला वाटतं, त्या सहीनंच सगळ्यात जास्त फरक पडला.

वसाहतीच्या आतली कामं थोडक्यात: या पाण्याची टाकी आणि पाइप पूर्ण वेगळे ठेवा, पिण्याच्या लाइनशी कुठेही सांधा नको. पाइप जांभळे रंगवा, कॅलिफोर्नियात या पाण्यासाठी हाच रंग रूढ आहे. बागेतल्या नळांना चावी लागते अशी तोटी बसवा. “पिण्याचं पाणी नाही” ही पाटी आम्ही मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि कन्नडमध्ये लावली, कारण बांधकामावर आणि बागेत राबणारे बरेच जण कर्नाटकातले आहेत आणि तहान त्यांनाच लागते. कारंज्यासारखे स्प्रिंकलर बंद केले, त्यातून तुषार हवेत उडतात. आता पहाटे पाइपनं किंवा ठिबकनं पाणी देतो. ठिबकच्या तोट्या बुळबुळीत थरानं बुजतात. 120 मेशचा डिस्क फिल्टर लावून तो आठवड्याला धुतला तरच त्या चालू राहतात.

खर्चाचं म्हणाल तर, पाण्याला आम्हाला दर पडत नाही, पैसे जातात ते टँकरला. खासगी टँकरच्या तुलनेत बचत आहे, नळाच्या पाण्याच्या तुलनेत फारशी नाही. बिल कमी होईल एवढ्याच आशेनं यात उतरणार असाल तर निराश व्हाल. आणि डिझेल जाळून पाणी वाहून नेणं हा काही कायमचा उपाय नव्हे. चंडीगडमध्ये शुद्ध केलेलं पाणी बागांना आणि हिरवळींना पुरवायला वेगळ्या वाहिन्यांचं जाळं आहे. आपल्याकडे रस्ते पुन्हा पुन्हा खोदले जातातच, तेव्हा प्रकल्पापासून जवळच्या उद्यानांपर्यंत आणि मोठ्या वसाहतींपर्यंत एक वाहिनी टाकून घ्यावी, अशी आमची लेखी मागणी दोन्ही यंत्रणांकडे गेली आहे. शेजारच्या दोन वसाहतींनीही त्यावर सह्या केल्यात.

सध्या टाकी रिकामी करून घासून ठेवली आहे. पुरवठा सप्टेंबरअखेरपर्यंत बंद राहील, तसं करारातच लिहून घेतलं, नाहीतर भर पावसात टँकर येऊन उभा राहतो आणि खेपेचे पैसे लागतात. ऑक्टोबरच्या नव्या कागदात दोन कलमं वाढवतोय. टीडीएस ठरलेल्या आकड्यावर गेला तर प्रकल्पानं टँकर भरण्याआधी फोन करायचा. आणि टँकर नादुरुस्त झाला तर बदली टँकरनं आदल्या खेपेत काय वाहिलं, ते चलनावर लिहून द्यायचं. पहिलं प्रकल्पाच्या लोकांनी मान्य केलं आहे. दुसऱ्यावर ठेकेदाराशी बोलणं चालू आहे, आणि ते कलम आल्याशिवाय आम्ही सही करणार नाही.