सगळा संच एकत्र घ्यावा की नुसता टॅबलेट?

एकाच खोक्यात कीबोर्ड, पेन, कव्हर, इअरफोन आणि १० इंची टॅबलेट. किंवा त्याच पैशात नुसता, पण चांगला टॅबलेट. आमचं मत दुसऱ्याकडे झुकतं, कारण कीबोर्ड नंतर घेता येतो, स्क्रीन आणि स्टोरेज बदलता येत नाही.

संचातल्या टॅबलेटचं रिझोल्यूशन बरेचदा १२८० × ८०० असतं. १० इंचावर पीडीएफमधली बारीक जोडाक्षरं त्यात फुटतात. १९२० × १२०० वर नीट वाचता येतात. 'रॅम ४ + ४ जीबी' असं लिहिलं असेल तर खरी ४ धरा, उरलेली स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. वाइडवाइन (व्हिडिओची नक्कल रोखणारी गूगलची प्रणाली) एल१ पातळीचं आहे का तेही पाहा. एल३ असेल तर नेटफ्लिक्स एचडीत चालत नाही, आणि ही उणीव घरी दुरुस्त होत नाही.

पेनमध्ये खरी फसगत होते. रबरी टोकाचं पेन म्हणजे बोटाचाच पर्याय: दाब ओळखत नाही, तळहात टेकला की रेघा उमटतात. सक्रिय पेन (आत इलेक्ट्रॉनिक भाग असलेलं) हवं असेल तर टॅबलेटमध्ये त्याची सोय असावी लागते, म्हणून मॉडेल जुळवूनच घ्या.

चार्जरही तपासा. ८००० एमएएच बॅटरीला १० वॅटचा चार्जर साधारण ४ तास घेतो.

लहान मुलासाठी मात्र संच बरा. कव्हर पहिल्या दिवसापासून लागतंच, आणि नवख्या मॉडेलच्या मापाचं कव्हर सुटं मिळणं अवघड.