कॅम्परव्हॅनमध्ये ऊब कशाची: डिझेल हीटर, विजेचा हीटर की गॅस?

मुंबईत कॅम्परव्हॅन बांधून घेणाऱ्याला हीटर सगळ्यात शेवटी आठवतो. साहजिक आहे, इथे जानेवारीतही रात्री पंखा लागतो. ट्रॅव्हलर (फोर्सची मिनीबस) गॅरेजमध्ये उभी असते, बेड, सिंक, फ्रिज, वरचा एसी सगळं ठरलेलं असतं, आणि मग घरातलं कुणीतरी विचारतं, "डिसेंबरात स्पितीला जायचंय ना? मग थंडीचं काय?" तोवर सुताराने प्लायवूड ठोकलेलं असतं, वायरी पॅनेलमागे गेलेल्या असतात. वायरमनचं उत्तर तयार असतं: "इन्व्हर्टर आहे ना साहेब, त्यावर हीटर लावा."

या तीन पर्यायांची तुलना बहुतेक जण "कोण लवकर गरम करतं" या प्रश्नावर करतात. तो प्रश्न दुय्यम आहे. ट्रॅव्हलरएवढी गाडी तिघांनीही तापते. बघायचं ते हे, की हीटर किती अँपिअर मागतो, ते कुठल्या वायरीतून येतात, आणि तो बिघडला तर तुम्हाला आधी कळतं की नंतर.

विजेचा हीटर, बॅटरीवर

१००० वॅटचा हीटर म्हणजे २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरही नाहीत. घरी आपण त्याची पर्वा करत नाही. पण गाडीत हीच वीज १२ व्होल्टच्या बॅटरीतून ओढायची तर ८३ अँपिअर लागतात, आणि इन्व्हर्टरचा तोटा धरला की ९० च्या पुढे. २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे अडीच युनिटच्या आसपास वीज, दोन-सव्वादोन तासांत संपते. आठ तासांच्या रात्रीला साधारण ७०० अँपिअर-तास हवेत. इथेच विषय मिटायला हवा. पण लोक म्हणतात, "रात्रभर नको, झोपताना तासभर पुरे." म्हणून आगीचा हिशेबही मांडतो.

त्या ९० अँपिअरच्या वाटेवर किती जोड आहेत ते मोजा: बॅटरीची दोन टोकं, फ्यूजची दोन, कट-ऑफ स्विचची दोन, इन्व्हर्टरची दोन, मध्ये बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) असला तर आणखी. यातला एक नट खड्ड्यांनी सैल झाला आणि तिथे ओहमच्या शंभराव्या हिश्शाएवढा रोध तयार झाला, तर त्या एका जागी ८१ वॅट उष्णता निघते. म्हणजे प्लायवूडच्या बंद कपाटात कुणी चालू सोल्डरिंग आयर्न ठेवून झोपावं, तसं. एवढाच रोध घरच्या साडेचार अँपिअरच्या वाटेवर असता तर पाव वॅटही उष्णता निघाली नसती.

आणि हे कोणालाही दिसत नाही. फ्यूज जास्त करंट वाहिला तरच उडतो; सैल जोडाने करंट वाढत नाही, झाला तर किंचित कमी होतो. दीडशे अँपिअरचा फ्यूज ९० अँपिअर बघून निवांत बसतो. शॉर्टसर्किटची भीती सगळ्यांना असते, पण शॉर्टसर्किटला फ्यूज आहे. लूज कनेक्शनला कोणीही नाही.

मल्टिमीटर मात्र ते पकडतो, आणि हे काम घरच्या घरी होतं. मोठा लोड चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या खुंटावर, खुद्द शिशाच्या किंवा पितळेच्या धातूवर, आणि दुसरा त्याच खुंटावर बसवलेल्या लगवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ०.९ व्होल्ट दिसले तर ते गुणिले ९०, म्हणजे वरचे ८१ वॅट तुमच्या डोळ्यांसमोर. असं प्रत्येक जोडावर करत पुढे जायचं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण गाडी ताब्यात घेताना कोणी करून मागत नाही.

विजेचा हीटर, बाहेरच्या प्लगवर

हा वेगळा प्राणी आहे, आणि याला मी नाही म्हणणार नाही. होमस्टेच्या आवारात गाडी लावली, मालकाने पॉइंट दिला, तर विजेची ऊब स्वच्छ आणि बिनधुराची. फक्त इथे धोका गाडीबाहेर सरकतो. मालकाचा पॉइंट बहुधा सहा अँपिअरचा असतो, आत पत्र्या ढिल्या, अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं. २००० वॅटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर घेतो. सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी कडं दिसलं, प्लास्टिक थोडं फुगलेलं वाटलं, तर ती जागा आधीच कधीतरी जळालेली आहे. तिथे हीटर लावू नका, फोन चार्ज करा.

म्हणून एक हजार वॅटच्या वर जायचं नाही. केबल तीन कोअरची, अडीच एमएमची. रीळ असेल तर पूर्ण उलगडायची, कारण गुंडाळलेल्या केबलला आपली उष्णता बाहेर टाकता येत नाही. अर्ध्या तासाने टॉपला, म्हणजे प्लगला, हात लावून बघायचा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद. गाडीत वीज शिरते तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि डबल पोल एमसीबी हवा. डबल पोल अशासाठी, की परगावच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणं रोजचं आहे, आणि सिंगल पोल एमसीबी मग न्यूट्रल तोडून फेज आत तशीच जिवंत ठेवतो. आरसीसीबी गळती पकडतो, माणूस वाचवतो. पण सैल टॉपची उष्णता त्यालाही कळत नाही, कारण जितका करंट गेला तितकाच परत आला.

प्रकारांत तेलाचा रेडिएटर घ्यावा. लाल होणाऱ्या रॉडचा हीटर दोन माणसं, एक रजई आणि पडदे असलेल्या गाडीत आणूच नये.

डिझेल हीटर

वेबास्टो, एबरस्पेखर किंवा त्यांच्या धर्तीचे चिनी, तत्त्व एकच. खोक्यात एक बंद ज्वलनकक्ष. तो जळायला हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो; केबिनची हवा वेगळ्या वाटेने त्याच्या गरम भिंतीवरून फिरून परत येते. दोन किलोवॅटचा हीटर तासाला साधारण ०.१ ते ०.२५ लिटर डिझेल खातो. रात्रीला लिटर-दीड लिटर. विजेचं म्हणाल तर सुरू होताना ग्लो प्लगसाठी (डिझेल पेटवणारी तापती कांडी) दोनेक मिनिटं आठ-दहा अँपिअर, मग दीडच्या आसपास. म्हणजे रात्रीचे बारा-पंधरा अँपिअर-तास. वरचा ७०० चा आकडा आठवा.

विजेच्या आगीच्या दृष्टीने हा म्हणूनच सगळ्यात सोसण्याजोगा: वायर बारीक, करंट कमी, जोड मोजके. पण फिटिंग नीट हवं, कारण त्याचे धोके विजेचे नसून धुराचे आणि तापलेल्या पाइपचे आहेत. सायलेन्सरचा पाइप शेकडो अंशांना जातो. त्याच्याजवळून वायरींचा जुडगा किंवा डिझेलची नळी नेलेली असेल तर काम परत करून घ्या. धुराचं तोंड खिडकीखाली किंवा दरवाज्याखाली नको. झोपायच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. वास, रंग काही नसलेला वायू आहे, झोपेत कळत नाही. डिझेल गाडीच्या टाकीतून वेगळ्या नळीने घ्यावं. बेडखाली ठेवलेली प्लास्टिकची वेगळी टाकी कितीही सुटसुटीत दिसली तरी नको.

एक गोष्ट मुंबईच्या सवयीची. उतरताना मेन स्विच पाडायचा, हे आपल्या अंगात भिनलेलं. डिझेल हीटर बंद केल्यावर त्याचा पंखा काही मिनिटं चालतो, आतला कक्ष थंड करायला. तेवढ्यात मेन पाडला तर ती उष्णता आतच कोंडते, सेन्सर आणि प्लास्टिक भाजतं. म्हणून हीटरची वायर कट-ऑफ स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजने घ्यायची. लायटरच्या सॉकेटवरून तर कधीच नाही.

मोठा घ्यायचा मोहही टाळा. ट्रॅव्हलरला दोन किलोवॅट पुरतात. "पाच किलोवॅट" लिहिलेला घेतला तर तो सदा मंद आचेवर चालतो आणि आतून काजळी धरतो.

गॅस

थोडक्यात सांगतो, कारण मुंबईहून डोंगरात जाणाऱ्याला हा मी सुचवत नाही. आपल्या एलपीजीत ब्यूटेनचा वाटा मोठा असतो आणि ब्यूटेन शून्याच्या जरा खाली वायू व्हायचं थांबतं. ज्या रात्री ऊब खरंच हवी, त्याच रात्री सिलिंडर मंदावणार. गळला तर हवेपेक्षा जड, जमिनीशी साचतो, आणि ठिणगी पाडणारे रिले, पंप तिथेच खाली असतात. बिनधुराड्याचा गॅस हीटर तर आणखी वाईट: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन गाडीत उतरतं, पत्र्यावर जमतं आणि वायरींत झिरपतं. कार्बन मोनॉक्साइड वेगळाच. शेगडी पेटती ठेवून झोपणं आणि अंगीठी, दोन्ही याच खात्यात.

बिघडल्यावर कोण काय सांगतो

इथे डिझेल हीटर सरळ जिंकतो, कारण तो बोलतो. पंपाची टक-टक ऐकू येत नाही आणि धूरही नाही, तर डिझेल पोचत नाही: फ्यूज, नाहीतर पंपाची वायर. टक-टक आहे पण धूर नाही, तर नळीत हवा. टक-टक आहे, पांढरा धूर आहे, पण पेट घेत नाही, तर ग्लो प्लग थकलाय किंवा त्याला व्होल्टेज कमी पडतंय. हे दुसरं जास्त वेळा निघतं. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट दिसतात आणि हीटरच्या प्लगपाशी, ग्लो प्लग चालू असताना, साडेदहा. वायर बारीक आणि लांब, किंवा तोच आपला सैल जोड. मोजायचं ते चालू लोडवर, आणि हीटरच्या टोकाला. न पेटलेला हीटर पुन्हा पुन्हा सुरू करत बसू नका. आत साचलेलं डिझेल मग एकदम पेटतं आणि धुराचा लोट उठतो.

काळा धूर आणि काजळी म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. साधारण १५०० मीटरच्या वर बिनाजुळणीच्या हीटरचं असंच होतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तिथे घेतलेली चाचणी मनालीला, २००० मीटरवर, कामाची नाही. स्पितीतलं काझा तर ३६०० च्या वर. उंचीची सोय असलेला कंट्रोलर किंवा पंप आधीच मागून घ्या. कडाक्यात साधं डिझेल मेणासारखं गोठतं, तेव्हा हीटर निर्दोष असूनही बंद पडतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. वर गेल्यावर स्थानिक पंपावर भरावं, खालचं टाकीभर नेऊ नये.

विजेचा हीटर मात्र बोलत नाही. तो चालत राहतो, जोड तापत राहतो, आणि पहिली बातमी जळक्या वासाने येते.

बॅटरी, फ्यूज आणि आपली खारी हवा

हीटर कोणताही घ्या, मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूज उपकरण नाही, वायर वाचवतो; त्याच्या आधीची वायर उघडीच राहते. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, तिथे स्वस्त पट्टी-फ्यूज वितळूनही आत ठिणगीची कमान चालू राहू शकते. क्लास टी फ्यूज २०,००० अँपिअर तोडायला बनलेला आहे. घरचा एमसीबी १२ व्होल्टच्या बाजूला लावू नका. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगी तिथे मरते; डीसीत ती सोय नाही. आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, त्यामुळे ती गाडीच्या आत, उबेत ठेवणं हेही हीटिंगचंच काम.

केबल लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणा, हरकत नाही, पण टोक ब्लेडने खरवडून बघा: आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, परत करा. कथील चढवलेलं तांबं, ३५ एमएम, लग हायड्रॉलिक क्रिंपने दाबलेला. छिन्नीने ठोकलेला लग आमच्याकडच्या दमट खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात हिरवा पडतो. गाडी समुद्राजवळ उघड्यावर उभी असेल तर दिवाळीच्या सुमारास सगळे जोड मीटरने पुन्हा तपासायचे. डिझेल हीटरही महिन्यातून एकदा वीस मिनिटं पूर्ण आचेवर चालवायचा, एप्रिलमध्येसुद्धा. सुरुवातीच्या पांढऱ्या धुराने वॉचमन धावत येईल, सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा.

मग घ्यायचं काय

हिमाचल, लडाख, उत्तराखंड हिवाळ्यात करायचं असेल तर दोन किलोवॅटचा डिझेल हीटर, चांगल्या कंपनीचा. जोडीला बाहेरच्या प्लगसाठी हजार वॅटचा तेलाचा रेडिएटर. चिनी हीटर काही पट स्वस्त पडतो आणि चालतोही, पण त्याच्यासोबत येणारी वायर आणि डिझेलची नळी बदलून घेण्याचे पैसे हिशेबात धरा.

फिरणं महाबळेश्वर, आंबोली, भंडारदरा, फार तर पचमढीपर्यंत असेल तर हीटरच घेऊ नका. १२ व्होल्टचं इलेक्ट्रिक ब्लँकेट पाचेक अँपिअर घेतं, आठ तासांना ४० अँपिअर-तास, आणि त्याला स्वतंत्र साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरतो. ते घडी घालून चालू ठेवायचं नाही, आणि सकाळी गादीखाली न कोंबता गुंडाळून ठेवायचं.