फियाटची टकटक, तीन गॅरेजं आणि उद्यमनगरातला बिनबोर्डाचा मिस्त्री

आधीच सांगतो, गॅरेजचं नाव विचारू नका कारण गॅरेजला बोर्डच नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आत गल्लीत पत्र्याची शेड आहे, बाहेर एक इंजिन उघडून ठेवलेलं असतं आणि त्यावर कायम एक मांजर झोपलेलं असतं. मिस्त्रींना म्हटलं तुमच्याबद्दल चांगलं लिहिणाराय नेटवर, तर म्हणाले "नाव नगा टाकू, आत्ताच चार गाड्या उभ्या हायत." त्यामुळं नाव नाही. उद्यमनगरात जाऊन 'जुन्या फियाटचं काम करणारे मिस्त्री' विचारलं की कोणीही दाखवतं.

गाडी आमची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे सगळे जिला फियाट म्हणतात ती, १९८६ ची. मारुती येऊन तीन वर्षं झाली होती तरी बाबांनी फियाटच घेतली, कारण त्यांच्या मते मारुती म्हणजे पत्र्याचा डबा. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, सगळं ओरिजिनल. बाबा गेल्यापासून मी महिन्यातून दोनदा काढतो, आणि वर्षातून एकदा फोंडा घाटातून गावाकडं कणकवलीला. मागच्या वर्षी गणपतीला जाऊन आलो आणि आल्यावर फाटकाशी गाडी उभी केली तर इंजिनातून टक टक टक टक. बारीक, कोरडा, घड्याळासारखा आवाज. बायको म्हणाली शिवणाचं मशीन चालू आहे का कुठं.

गंमत अशी की गाडी थंड असताना नाही, पंधरा वीस मिनिटं चालल्यावर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू ठेवून, उभी केली की सुरू आणि ॲक्सिलरेटर दाबला की गायब. आता हे गायब होतंय की इंजिनच्या आवाजात बुडतंय ते मला कळत नव्हतं आणि इथंच सगळी गोची होती. आमच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला, अकरा जणांनी नऊ कारणं सांगितली, एकानं गाडी विका म्हणून सांगितलं.

पहिलं गॅरेज हायवेलगतचं, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन. तिथल्या पोरानं बॉनेट उघडून मलाच विचारलं स्कॅनर कुठं लावायचा. म्हटलं दादा ह्याला प्लगला करंट आला तरी पुष्कळ, स्कॅनर कुठला लावतोस. मग त्यांचा मोठा मेकॅनिक आला, अर्धा मिनिट ऐकलं आणि निकाल दिला, बेअरिंग मारतंय, इंजिन खाली उतरवायचं, क्रँक ग्राइंडिंग, शेल, रिंगा, सगळं मिळून पंचेचाळीस हजार. वर असंही की असंच चालवलंत तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येईल. रात्री झोप लागली नाही हो मला. रॉड बाहेर आलेला ब्लॉक मी लहानपणी एका ट्रॅक्टरचा बघितलाय, भोक केवढं होतं ते अजून आठवतंय.

दुसरं गॅरेज ओळखीतलं. त्यांनी सांगितलं छे छे बेअरिंग कसलं, टॅपेट आहेत, म्हणजे व्हॉल्व दाबणारे भाग. टॅपेट टाइट केले, ऑइल बदलून जाडं घातलं, अठराशे रुपये घेतले. आवाज तसाच. उलट गाडी गरम झाल्यावर आयडलला थरथरायला लागली, आणि परत नेली तर म्हणतात "साहेब जुनी गाडी आहे, आवाज करणारच." हे वाक्य ज्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल तिथून चावी घेऊन निघायचं, हे मी आता शिकलोय.

मग तिसरे हे मिस्त्री. वय सत्तरच्या पुढं, कानात एक पांढरा केस, खिशात फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पट्ट्या. उद्यमनगर म्हणजे ऑइल इंजिनांचं आणि फाउंड्रीचं गाव, मिस्त्रींनी पण सुरुवात शेतातल्या ऑइल इंजिनांवर केली आणि फियाट नंतर आली. त्यामुळं असेल पण माणूस आधी ऐकतो. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाले, ऱ्हाऊ दे, आधी बसा.

आणि मग प्रश्न. ऑइलचा लाल दिवा आयडलला लुकलुकतोय काय? नाही. क्लच दाबल्यावर आवाजात फरक पडतोय काय? नाही. पेट्रोल जास्त खातीया काय? थोडी. आणि मग, "घाटात आवाज येतोय काय?" म्हटलं नाही बहुतेक. "बहुतेक न्हाई चालत. पन्हाळ्याला जाऊन या."

मला वाटलं चेष्टा करतायत. नाही, खरंच पाठवलं. खिडक्या उघड्या, रेडिओ बंद, चढावर सेकंड गिअरमध्ये इंजिनाला जोर लावून ऐकायचं, वर पोचल्यावर आयडलला ऐकायचं, उतरताना ॲक्सिलरेटरवरनं पाय काढून ऐकायचं, आणि तिन्ही गोष्टी नीट ध्यानात ठेवून येऊन सांगायच्या. रविवारी सकाळी गेलो. चढाच्या बाजूला कातळाची भिंत असते ना, त्याच्या जवळून चाललं की गाडीचा प्रत्येक आवाज आपटून परत खिडकीतून आत येतो, ते अगदी बरोबर सांगितलं होतं त्यांनी. चढावर चकार शब्द नाही. वर नाक्यापाशी थांबलो, अर्ध्या मिनिटात टकटक सुरू. आणि उतारावर पाय काढला की टकटकटकटक, जोरात आणि भराभर. म्हणजे आवाज वेगामुळं बुडत नव्हता, जोर लावला की खरोखरच बंद होत होता.

हे सांगितल्यावर म्हातारा पहिल्यांदा हसला. "मग बेअरिंग न्हवं. बेअरिंग चढाला बोंबलतंय, उताराला गप बसतंय. तुमचं उलटं हाय."

एवढ्या एका वाक्यात माझे पंचेचाळीस हजार वाचले. आणि विचार केला तर साधी गोष्ट आहे, जोर लावला की पिस्टनचा सगळा भार कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर येतो, ते झिजलेलं असेल तर तेव्हाच जास्त वाजणार. पहिल्या गॅरेजवाल्यानं गाडी दहा फूटही चालवली नव्हती.

तरी त्यांनी खात्री केल्याशिवाय सोडलं नाही. गाडी गरम, आयडलला, आणि फडकं धरून एकेक प्लगची वायर काढून बघितली. एखाद्या सिलिंडरचं बेअरिंग असतं तर त्याचा प्लग बंद केल्यावर आवाज पडला असता, चारही काढून घातल्या, टकटक जशीच्या तशी. मग फॅन बेल्ट काढला आणि मिनिटभर चालवली, म्हणजे वॉटर पंप आणि डायनामो दोन्ही यादीतून बाद. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या जोडाशी काळा पट्टा पडलाय का ते टॉर्चनं बघितलं, कारण म्हणे तिथनं धूर गळत असला तरी हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो, पण तो थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी, माझं इथंही उलटं. मग मडगार्डवर बोटानं ताल धरला. इंजिनच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याची, एक फेरी होते, आणि आवाज कॅमच्या तालावर होता. म्हणजे कॅमवर चालणारं काहीतरी. टॅपेट कॅमवर चालतात, म्हणून दुसरा गॅरेजवाला फसला, त्याचा पूर्ण दोष नाही देणार मी.

पण कॅमवर अजून एक गोष्ट चालते. मिस्त्रींनी दीड फुटी स्क्रू ड्रायव्हर घेतला, मूठ कानाला लावली आणि टोक एकेका ठिकाणी टेकवत गेले, टॅपेट कव्हर, चेनचं कव्हर, ब्लॉक, आणि एका जागी थांबले. मला बोलावून मूठ माझ्या कानाला लावली. आयुष्यात विसरणार नाही, इतका वेळ बाहेरून बारीक येणारी टकटक तिथं हातोडीनं ठोकल्यासारखी कानात घुसली. म्हटलं हे काय आहे? "एसी पंप."

मी म्हटलं मिस्त्री, माझ्या गाडीला एसी नाही. शेडमधली दोन पोरं एवढी हसली. तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टाकीतून पेट्रोल ओढून, पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला देणारा जो इंजिनला बसवलेला पंप असतो त्याला गॅरेजात एसी पंप म्हणतात, गारव्याशी काही संबंध नाही. आणि बरंच आहे, पेट्रोल पंप म्हटलं असतं तर मी टाकी भरायला निघालो असतो.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. पंपावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून आवाज आला म्हणजे पंपच, असं म्हणून नवीन पंप गळ्यात मारता आला असता. त्यांनी पंप उतरवला, टाकीकडच्या नळीत एक बोल्ट खुपसला, पंपाच्या जागी ब्लॉकला जे भोक राहतं तिथून ऑइल उडू नये म्हणून पत्र्याचा तुकडा कापून पॅकिंग लावून आवळला, आणि म्हणाले मारा सेल्फ. पंपाशिवाय? हो, कार्ब्युरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल शिल्लक असतं त्यावर मिनिटभर चालते. चालू झाली. टकटक नाही. काहीच नाही, नुसती फियाटची ती जुनी भुरभुर, आम्ही चौघं बॉनेटभोवती वाकून उभे, कोणी बोलत नाही, मग वाटी संपली आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

पंप उघडला तर आतली स्प्रिंग तुटून दोन तुकडे आणि लिव्हरच्या पिनेचं भोक झिजून लांबट झालेलं. तुकडे दोन्ही पंपातच सापडले, ऑइलच्या चेंबरात पडले नव्हते, ते त्यांनी जोडून बघून मगच बाजूला ठेवले. कारण समजावलं ते असं की कॅम लिव्हरला दर फेरीला धक्का देते, पण वाटी भरलेली असेल तर पंपाला काम नसतं, मग लिव्हर मोकळी राहते आणि तिला कॅमला चिकटवून धरायचं काम त्या स्प्रिंगचं. स्प्रिंगच तुटली तर मोकळी लिव्हर टकटक आपटत बसते. चढाला इंजिन पेट्रोल ओढतं, पंपाला काम लागतं, लिव्हरवर भार येतो आणि ती गप. "रिकामा माणूस जास्त बडबडतोय, तसंच," असं म्हणून कामाच्या पोराकडं बघितलं. थंड असताना का नाही, हे मात्र मला त्यांनी सांगितलेलं पटलं नाही, चोक वगैरे काहीतरी म्हणाले, असो.

ऑइलची डीपस्टिक काढून नाकाला लावून बघितली, पेट्रोलचा वास येतो का म्हणून, कारण पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि मग खरंच बेअरिंगची वाट लागते. वास नव्हता पण पडदा कडक झालेला, तोही बदलला. आता सगळीकडं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, त्यामुळं नळ्या पण बघून घ्या म्हणाले.

नवीन पंप बाजारात मिळतो, पण मिस्त्रींचं मत त्यातले निम्मे बसवल्या दिवसापासून कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो करतात. त्यांनी माळ्यावरनं एक जुना पंप काढला, त्याची लिव्हर, पिन, स्प्रिंग माझ्या पंपात घातली. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी होत्या तोवर पार्टची ददात नव्हती, ऑक्टोबर २०२३ ला शेवटची टॅक्सी बंद झाली, आता ज्याच्या माळ्यावर माल तोच राजा. जाता जाता टॅपेट पण परत सेट केले. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं इतके आवळले होते की व्हॉल्व नीट बसतच नव्हते, थरथर त्याचीच. "टॅपेट जरा वाजत असले तर जगतंय, एकदम गप झाले की व्हॉल्व जळाय लागतोय."

बिल साडेअकराशे. पार्ट साडेचारशे, मजुरी सातशे. बिल म्हणजे सिगरेटच्या पाकिटामागं पेननं लिहिलेलं, जीएसटी वगैरे विसरा. पेमेंट फोनवरून चालतं, नातवाचा कोड चिकटवलाय.

आता वाईट पण लिहितो नाहीतर म्हणाल पाहुण्याचं गॅरेज आहे. काम एका दिवसाचं, गाडी अडकली पाच दिवस, कारण मध्येच कोणाचं तरी उसाला पाणी देणाऱ्या पंपाचं इंजिन आलं आणि शेतकऱ्याचं पाणी थांबलंय म्हटल्यावर माझी फियाट कोपऱ्यात गेली. ते समजू शकतो, पण फोन करून सांगायचं ना, मी दोनदा रिक्षा करून जाऊन परत आलो. फोन उचलतच नाहीत. बसायला एक स्टूल, त्यावर पण ग्रीस. आणि ड्रायव्हर सीटच्या पाठीला काळा पाच बोटांचा ठसा उमटवून दिलाय, बाबांनी शिवून घेतलेलं क्रीम रंगाचं रेक्झिन, रॉकेल झालं, शाम्पू झाला, निघत नाहीये. मिस्त्रींना दाखवलं तर म्हणाले कव्हर घाला. ह्याच्यासाठी एक स्टार कापलाय, पाचपैकी चार.

जाणार असाल तर सोमवार सोडून, सकाळी दहाच्या आत जा, आणि गाडी ट्रेलरवर घालून नेऊ नका, चालवत न्या. आवाज थंडीत येतो का गरम झाल्यावर, चढाला का उताराला, क्लच दाबून का सोडून, हे आधी ऐकून ठेवा, नाहीतर तुम्हालाही पन्हाळ्याला पाठवतील. डिझेल गाडी, नवीन गाडी नेऊ नका, हातच लावत नाहीत. आणि मांजराला इंजिनवरून उठवू नका, त्याच्यावरून एका गिऱ्हाइकाला माझ्यासमोर घालवून दिलंय.